फटिक गोसाईंचा अभिमान

चोआ चू कांग, सिंगापूर
१४ सप्टेंबर २०२५

प्रिय जाईताई,

काल अनिमेषदानं मला एका शब्दाचा अर्थ सांगितला आणि तिथंच माझं सगळं उलटंपालटं झालं. तू कशी आहेस? बाळ रात्री झोपू देतं का? तू मला ब्लॉक केलंयस, म्हणून पुण्याला कागद पाठवतोय. कॉलेज अर्धवट सोडल्याबद्दलच्या शिव्या पोचल्या. आणखी नकोत.

माझं ठीक. आई तुझ्या बाळंतपणाला तिकडे, बाबा जहाजावर. फ्लॅटमध्ये मी आणि फ्रिजची घरघर.

माझ्या वर्गातली सुलेखा फटिक गोसाईंची पदं गाते, हे तुला माहीत आहे. हा बंगालमधला जुना विणकर. पुरात लेक वाहून गेली, तेव्हा यानं देवघरातल्या कृष्णाला कोंडलं. 'तूही उपाशी, मीही उपाशी!' दाराबाहेर बसून जी भांडणं गायला, तीच पदं. लिहिलं काहीच नाही. तोंडोतोंडी सुलेखाच्या आजीपर्यंत आली. प्रत्येक पदाच्या शेवटी सही, 'अभिमानी फटिक'. मी म्हणायचो, काय माज आहे म्हाताऱ्याला! ती पुढचं पद सुरू करायची.

तिच्या गाण्यामागे दोतारा वाजवायचा म्हणून मी कॉलेज सोडलं. तिला न विचारता. हॉकर सेंटरमध्ये जेवताना सांगितलं, तर म्हणाली, "तोमार ओपोर आमार खूब ओभिमान होयेछे." माझा अभिमान वाटतो हिला! मी खुशीत तिला चहा पाजला. मग तिनं बोलणंच टाकलं. मी फोनवर ओरडलो, "बहुत अभिमान है तुझमें!"

काल हौगांगला तिच्या चुलतभावाकडे, अनिमेषदाकडे, भांडायलाच गेलो होतो. ऐकून तो कपाळ धरून हसला. "अरे गाधा! हमारा अभिमान घमंड नहीं होता. जो अपना है, उसीसे रूठना. पराये पर थोडे ही होता है?"

"तो वो चाहती क्या थी?"

"मनाने आता, और क्या! फटिक ने भी ताला नहीं खोला था. गाँव में कहते हैं, कृष्ण ने ही अंदर से कुंडी बजाई."

मी विचारलं, आता ती काय म्हणते? तो म्हणाला, "अब तो तेरे बारे में बहुत अच्छा बोलती है."

ताई, मी तिथूनच उठलो. छान तर परक्याबद्दल बोलतात. ती रुसून वाट बघत होती, आणि मी इथं भिंतीकडे तोंड करून तिच्या फोनची वाट बघत होतो. रोज. हे कुणाला सांगितलं नव्हतं. आईलाही नाही.

उद्या ती कोलकात्याला चालली, कायमची. आज बुकित तिमाहला मैत्रिणीकडे आहे. मी जातोय. तिनं दारातच शिव्या घातल्या तर जिंकलो. "ये, बस, चहा घेणार?" म्हणाली, तर संपलं.

या ओळी बाहेर लिफ्टपाशी उभा राहून लिहितोय. दार ओढून घेतलं. किल्ली आतच राहिली. राहू दे.

तुझा,
तन्मय