विहीण पंगतीतून का उठली

उरण,
२२ सप्टेंबर २०२४

सौ. किशोरीताईंना,

उरणहून विहीण कोकिळेचा नमस्कार. आम्ही सगळी इकडे खुशाल आहोत. गणपती छान झाले. तुमची लेक रुचिका पहिल्यांदाच आमच्या घरच्या आरतीला होती, पोरीचा आवाज गोड आहे. तुम्हीही खुशाल असाल असं लिहायची पद्धत आहे, पण तुम्ही रागात आहात हे मला ठाऊक आहे, म्हणून ते वाक्य अर्ध्यावरच सोडते.

तुम्ही फोन उचलत नाही. मोबाइलवरचा तुमचा फोटोही मला दिसेनासा झालाय, म्हणजे तुम्ही मला ब्लॉक केलंय, असं आमचे हे म्हणतात. म्हटलं, पत्राला काही ब्लॉक करता येत नाही. आमचा ड्रायव्हर सदा ट्रेलर घेऊन गोव्याकडे निघालाय, तो माणगावात तुमच्या दारात हे देईल. सोबत सुका जवळा आहे. माझा राग त्याच्यावर काढू नका, तो चांगला निवडून घेतलाय.

त्या शनिवारची गोष्ट घेते. पनवेलच्या हॉस्पिटलात वजन कमी करायच्या ऑपरेशनची सभा असते. आम्ही ऑपरेशन झालेले पुढे खुर्च्यांवर बसतो, ज्यांचं व्हायचंय ते समोर. आम्ही आमचं सांगायचं, त्यांनी भीती विचारायची. मी माइक धरून केसगळतीवर मोठ्या तोऱ्यात बोलत होते आणि बघते तर तिसऱ्या रांगेत तुम्ही. मला वाटलं चष्म्याचा नंबर वाढला. तेवढ्यात तुम्ही उभ्या राहून म्हणालात, “म्हंजे लग्नात पंगतीतून उठलात ते ह्याच्यापायी व्हय?” आणि तरातरा निघून गेलात. सभेला वाटलं, केस गळतात ऐकून बाई घाबरली. तुमच्या मागोमाग आणखी दोघी उठल्या. राही मॅडमना, म्हणजे सभा घेतात त्यांना, त्या दोघींची समजूत घालता घालता घाम फुटला.

तर ऐका. हो, ह्याच्यापायीच. मे महिन्यात तुम्ही विहिणीची पंगत घातलीत. ताटाभोवती रांगोळी, उदबत्ती, चांदीची वाटी. तुमच्या जावा विहिणीला चिडवणारी गाणी म्हणत होत्या. मी दोन घास भात खाल्ला आणि माझं पोट भरलं, कारण माझं पोट आता मुठीएवढंच आहे. तेवढ्यात तुम्ही लाडू हातात घेऊन उखाणा घेतलात आणि अख्खा लाडू माझ्या तोंडात घातलात. आग्रह म्हणजे आग्रह. आम्हा ऑपरेशनवाल्यांना एकदम एवढं गोड गेलं की घाम फुटतो, छाती धडधडते, डोळ्यांपुढे अंधारी येते. मी उठले नसते तर तुमच्या रांगोळीवर आडवी झाले असते. जाऊन गाडीत पडून राहिले. इकडे मांडवभर झालं की मुलाची आई पंगत सोडून उठली, काहीतरी मानपान राहिला. लाडवाने चक्कर आली असं सांगितलं असतं, तर ऑपरेशनचंही सांगावं लागलं असतं. घरी सगळ्यांना माझं ऑपरेशन पित्ताच्या खड्यांचं झालं असंच माहीत आहे. खरं फक्त ह्यांना ठाऊक.

झालं ते झालं. आता माझं ऐका आणि पुन्हा सभेला या. तुमची शुगर आणि गुडघे तुमच्यासाठी थांबणार नाहीत. माझ्यावर राग असला तर माझ्या शेजारी बसू नका, पण या. रुचिका मजेत आहे.

तुमची विहीण,
कोकिळा


उरण,
१० ऑक्टोबर २०२४

सौ. किशोरीताईंना,

नमस्कार. सदाने तुमचं पत्र आणि पिशवीभर कडवे वाल आणून दिले. वाल गोड लागले, पत्र मात्र कडू होतं. तरी तुम्ही लिहिलंत, हेच पुष्कळ झालं.

तुम्ही लिहिता की पंगतीचं तुम्ही कधीच सोडून दिलंत. राग आहे तो लेकीपायी आहे. रुचिका दुपारी फोनवर तुमच्याशी रडते. मी काही केलं तरी सासूबाई दोन घास खातात आणि ताट ठेवतात, माझ्या हातचं त्यांना चालत नाही, असं म्हणते. आणि शेवटी तुम्ही लिहिलंत, आधी माझ्या लेकीला खरं सांगा, मग मला शहाणपण शिकवा, तोवर मी त्या हॉस्पिटलची पायरी चढणार नाही.

ते वाचल्यावर एक कबूल करते. गेल्या पत्रात मी ‘रुचिका मजेत आहे’ असं लिहिलं, तेव्हाही तिचे डोळे सुजलेले मला दिसत होते. माहेरची आठवण येत असेल, अशी मी माझी समजूत घातली होती. सोयीची समजूत लवकर पटते.

सांगायचा प्रयत्न केला, खोटं नाही. मंगळवारी तिला जवळ बसवलं आणि ऐनवेळी तिला मोबाइलवरून विजेचं बिल कसं भरतात ते विचारलं. तिने शिकवलं. गुरुवारी परत बोलावलं, तर ती म्हणाली, आई, पुन्हा बिल आलं का? आमचे हे ओटीवरून सगळं ऐकत असतात. रात्री म्हणाले, “आयशीला कललं, पोरीला कवा सांगशील?”

किशोरीताई, आता जे लिहिते ते ह्यांनाही पुरतं माहीत नाही.

मी पूर्वी कशी होते ते तुम्ही पाहिलं नाहीत. आमच्या गावात हळदीच्या जेवणाला मोठमोठी पातेली चढतात आणि मी बसले की वाढपी म्हणायचे, कोकिळावहिनी बसल्या, पातेल्याला घाम फुटला. मीही हसायचे. मला खायला आवडायचं, खिलवायला त्याहून आवडायचं. शुगर होती, जिना चढताना धाप लागायची. डॉक्टर दोन वर्षं ऑपरेशन सांगत होते आणि मी दोन वर्षं ह्या कानाने ऐकून त्या कानाने सोडत होते.

मग आमच्या प्रज्योतसाठी पेणचं स्थळ आलं. माणसं चांगली, मुलगी शिकलेली. मी चहाचा ट्रे घेऊन बाहेर येत होते आणि दाराआड मुलीची मावशी म्हणताना ऐकलं, मुलगा ठीक आहे, पण आई बघितली ना? उद्या पोराचंही तेच होणार. मी तसाच ट्रे नेऊन तिला चहा दिला, वर बिस्किटांचा आग्रह केला. दोन दिवसांनी निरोप आला, पत्रिका जुळत नाही. प्रज्योत तेव्हा गुजरातेत मुंद्र्याच्या बंदरावर नोकरीला होता, दोन दिवसांसाठी आला होता. त्याला आजही पत्रिकेचंच माहीत आहे.

तो मुंद्र्याला परत गेला आणि पुढच्याच आठवड्यात मी डॉक्टरांकडे तारीख मागितली. सहा महिन्यांनी तो परत आला तेव्हा आई निम्मी झालेली. खडे म्हणून सांगितलं, त्याने ऐकून घेतलं. पुढे इकडच्या ऑफिसात त्याला रुचिका भेटली, आणि मला वाटलं, बघ, आई नीट झाली तर पोराचं नीट झालं. आता मी तोंड उघडलं तर तो विचारणार, का केलंस? आणि मला खोटं नीट बोलता येत नाही, लपवता तेवढं येतं. माझ्यासाठी आईने पोट कापून घेतलं, हे त्याच्या डोक्यात आयुष्यभर राहील. एवढ्यासाठी मी गप्प आहे.

आणि एक सांगून टाकते. सभेत मी सगळ्यांना सांगते, घरच्यांसोबत एका पंगतीला बसा, लाजू नका. स्वतः मात्र मागच्या पडवीत उभ्याने खाते. बसले की कोणीतरी आग्रह करणार आणि मला कारण द्यावं लागणार. तुमच्या पंगतीतले ते दोन घास सोडले तर चारचौघांत जेवल्याला मला दीड वर्ष झालं. मला त्याचं फार वाईट वाटतं.

ऑपरेशनचा मला पस्तावा नाही. शुगरच्या गोळ्या सुटल्या, जिना मी आता गाणं म्हणत चढते. पण मी ते दुसऱ्यांच्या डोळ्यांसाठी करायला गेले. तुम्ही तसं करू नका. तुम्हाला भाताच्या लावणीला वाकता येत नाही म्हणून करा, मांडी घालून बसता येत नाही म्हणून करा.

तुमची अट मला मान्य आहे. रुचिका भाऊबीज करून माणगावहून परत आली की सांगते. तोवर तुम्ही तिला काही बोलू नका. सांगायचं ते माझ्या तोंडून जायला हवं.

कोकिळा


उरण,
९ नोव्हेंबर २०२४

प्रिय किशोरीताई,

नमस्कार. तुमची दुसरी चिठ्ठी दोनच ओळींची होती, पण मी ती चार वेळा वाचली आणि चारही वेळा हसले. ‘पेणच्या त्या मावशीला साडी नेसवा. ती बोलली नसती तर माझ्या रुचिकाला हा नवरा कुठनं मिळाला असता?’ ही बाजू दोन वर्षांत माझ्या डोक्यात आली नव्हती.

सांगितलं. परवा रात्री जेवताना सांगितलं. रुचिकाने भाकरी, कोलंबीचं कालवण, चवळीची भाजी आणि वर खीर असं सगळं केलं होतं. मी पडवीत गेले नाही, सगळ्यांसोबत पाटावर बसले. प्रज्योतने वर बघितलं. मी म्हटलं, “मला खडे कधीच झाले नव्हते. मी वजनाचं ऑपरेशन करून घेतलंय. रुचिका, तुझ्या जेवणात खोट नाही, माझ्या पोटात जागा नाही.”

तुमची लेक रडेल अशी माझी तयारी होती. तिने हातातला डाव खाली ठेवला आणि विचारलं, “म्हणजे तुम्हाला ते नाही ना?”

मी विचारलं, ते म्हणजे काय? मग कळलं की लग्नानंतर तिने प्रज्योतच्या मोबाइलमध्ये माझे जुने फोटो पाहिले होते. एवढी मोठी बाई एवढीशी झालेली, दोन घासांवर थांबते, कपाटात गोळ्या लपवते, नवराबायको दार लावून कुजबुजतात. पोरीने मनाशी ठरवूनच टाकलं होतं की सासूला मोठा आजार आहे आणि घरचे लपवताहेत. तुम्हाला तिने फक्त जेवणाचं सांगितलं, कारण हे बोलायची तिची हिंमत होईना. म्हणाली, “आई, मला वाटलं तुम्ही आता थोड्या दिवसांच्या. म्हणून रोज तुमच्या आवडीचं करत होते.”

किशोरीताई, त्या गोळ्या व्हिटॅमिनच्या आहेत. त्या जन्मभर घ्याव्या लागतात, तुम्हालाही लागतील, लपवू नका. मी रडले, ती रडली, आमचे हे कालवणाकडे बघत बसले. मग तीच हसायला लागली आणि थांबेना. एवढी माया माझ्या घरात रोज रांधली जात होती आणि मी ती पडवीत उभ्याने गिळत होते.

प्रज्योत मात्र ताटावरून उठून बाहेर गेला. अंगणात येरझाऱ्या घालून परत आला, शेजारी बसला आणि विचारलं, “खूप दुखलं होतं का?” बाकी काही नाही. मी म्हटलं, पहिले दोन दिवस दुखलं. मग मी त्याला पेणच्या मावशीचंही सांगितलं, तुमच्या साडीसकट. तो म्हणाला, साडी मी घेतो. काल सकाळपासून रुचिका माझ्यासाठी लहान बशी मांडते आणि मी बसून जेवते. कोणी आग्रह करत नाही. उलट प्रज्योतच वाढणाऱ्याचा हात धरतो, ते जरा अतीच होतंय.

तुम्ही ऑपरेशनसाठी पंचवीस तारखेचा सोमवार घेतलात हे रुचिकाकडून कळलं. माझं पत्र जायच्या आत तुम्ही पायरी चढलात, म्हणजे लेकीने फोन केलाच असणार.

आता कामाचं. ऑपरेशनआधीचं पातळ पथ्य नीट पाळा. त्या प्रोटीनच्या पावडरीला ओल्या खडूची चव आहे, नाक धरून प्या. बांगड्या, अंगठ्या घरीच ठेवा. नवीन ब्लाउज वर्षभर शिवू नका, शिंपी श्रीमंत होतो. संध्याकाळी नर्स उठवून चालायला लावेल, तिला शिव्या द्या, पण चाला. चौथ्या महिन्यात केस गळतील, ते परत येतात, मी सभेत तेच सांगत होते, तुम्ही पुढचं ऐकायला थांबला नाहीत. आणि कधीतरी विनाकारण रडू येईल, ताट बघूनसुद्धा येईल. तेव्हा मला फोन करा. मी गोड गोड बोलणार नाही, मलाही यायचं म्हणून सांगेन.

काल राही मॅडमचा फोन आला. तुमचे यजमान धर्माजीदादा आणि रुचिका बाहेर थांबतील, पण बायकांच्या वॉर्डात पेशंटजवळ एकच बाई राहू शकते. तुम्हीच त्यांना म्हणालात म्हणे, पोरीला आत नको, ती रडेल आणि मी उठून घरी जाईन, कोकिळाबाईंना बोलवा. हे मला थेट सांगायला काय झालं होतं? मी हो म्हटलं. त्यांनी विचारलं, पेशंटचं तुमचं नातं काय लिहू? विहीण म्हटल्यावर त्या हसायलाच लागल्या. म्हणाल्या, घरचं कोणी सांगा.

मी बहीण सांगितलं.

पटत नसेल तर त्या सोमवारी सकाळी भूल द्यायच्या आधी बदलून घ्या. नंतर माझंच चालेल.

तुमची बहीण,
कोकिळा