तुतीचा बुडखा

प्रिय दादा,

तुझं फर्मान अमलात आलं बरं का. मागच्या अंगणातला तुतीचा बुडखा गेला. जमिनीखाली हातभर किसून काढला, खड्डा बुजवला, वर माती चोपली. आता तिथे गोट्या खेळायला बसलास तरी चालेल, इतकी जागा सपाट झाली आहे. आई अंगणात पडली आणि तिचं कपाळ त्या बुडख्यावर आपटून फुटलं, तेव्हा तू फोनवर म्हणाला होतास की एकतर तो बुडखा जाईल, नाहीतर आई माझ्याकडे येईल. आईला तुझ्या आठव्या मजल्यावर यायचं नव्हतं. मलाही तिला पाठवायचं नव्हतं. म्हणून मी कंबर कसून त्या बुडख्याच्या मागे लागले. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण फोन आहे बाहेरच्या खोलीत आणि आई हल्ली दिवसभर त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसलेली असते. तिचे कान अजून शाबूत आहेत. तेव्हा लिहिते आहे, आणि नीट बसून वाच. वहिनीला मोठ्याने वाचून दाखवू नकोस.

तुला वाटलं असेल, बुडखा काढायचा म्हणजे काय, दोन माणसं लावली की झालं. मलाही तसंच वाटलं होतं. आधी शेजारचा वेल्डर कुदळ आणि पहार घेऊन आला. दिवसभर खणून त्याने बाजूची माती मोकळी केली, तर मुळं निघाली माझ्या मांडीएवढी जाड आणि पार भिंतीखाली गेलेली. पाठ धरून घरी गेला बिचारा. त्याची बायको अजून माझ्याशी तिरकं बोलते. मग हार्डवेअरवाल्याने अक्कल शिकवली की गिरमिटाने भोकं पाडा, त्यात सोरा भरा, वर ओलं पोतं टाका, लाकूड आपोआप कुजून भुसभुशीत होईल. मी भोकं पाडली, सोरा भरला आणि वाट बघत बसले. कुजतंय कसलं! दगडासारखं टणक. एका सकाळी बघते तर आपल्या मातोश्री तांब्याने त्या भोकांत पाणी ओतून सोरा धुऊन काढतायत. विचारलं तर म्हणाली, मुंग्या झाल्या होत्या. मी इतकी चिडले, दादा! म्हटलं, मी इथे तुझ्यासाठी मरतेय आणि तू माझ्याच कामावर पाणी ओततेस? ती तांब्या घेऊन आत गेली.

मग जाळून पाहिला. वर बूड नसलेला पत्र्याचा डबा ठेवला, त्यात कोळसे पेटवले. बुडखा नुसता धुमसत राहिला आणि माझ्या शिलाई मशीनशेजारी रचलेल्या गणवेशांना असा काही धुराचा वास लागला की शाळेने सगळा गठ्ठा परत पाठवला. त्यात आईचा वेगळाच उद्योग. तुला माहीत आहे ना, शर्टांना बटणं तीच लावते. या वेळी खाकी शर्टांना पांढऱ्या दोऱ्याने लावून ठेवली होती. मी ओरडले, तर म्हणाली, लक्ष नव्हतं गं. पुन्हा सगळी उसवून मी लावली.

शेवटचा तमाशा जीपचा. वेल्डरचा मेहुणा जीप घेऊन आला, बुडख्याला साखळी बांधली, सगळी गल्ली भिंतीवर चढून बघत होती. जीपने असा हिसडा मारला की मागचा बंपर निखळून साखळीसकट अंगणात पडला आणि बुडखा जागच्या जागी! आई दारात उभी राहून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मीही हसले. कितीतरी दिवसांनी आम्ही दोघी अशा हसलो. तेव्हा मला वाटलं, तिला गंमत वाटतेय.

मग शेवटी नगरपालिकेच्या बागेतला माणूस त्याचं यंत्र घेऊन आला. दातेरी चाक असतं, ते फिरत फिरत लाकूड किसत जातं. तो यंत्र लावतोय, तर आई येऊन बुडख्यावर बसली. मांडी घालून, हनुवटी वर करून, अगदी राणीसारखी. म्हणाली, हे झाड यांनी लावलंय. मी म्हटलं, बाबांनी लावलं होतं आणि बाबांनीच विजेच्या तारा वाचवायला तोडलं. मग म्हणाली, मला उन्हात बसायला लागतं. मी म्हटलं, खुर्ची देते. मग म्हणाली, मी बुडख्यामुळे पडलेच नव्हते, पायाखाली नळाचा पाइप आला होता. हे ती पहिल्या दिवसापासून सांगत होती, पण आपण दोघांनी कधी ऐकलं? मी तिला म्हटलं, आई, हा राहिला तर दादा तुला घेऊन जाईल, कळतंय का? मी हाताला धरून उठवलं तर लगेच उठली. फक्त दुसरा हात तिने बुडख्यावर ठेवला होता, तो पाऊल पुढे पडेपर्यंत उचलला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मशीनवर होते. माझ्या खिडकीतून सगळं अंगण दिसतं. आई मागच्या दारातून बाहेर आली. भिंतीवर हात घासत पन्हळीच्या पाइपापर्यंत गेली, तिथून वळली, आणि उजवा हात गुडघ्याच्या उंचीवर पुढे करून चालू लागली. काहीतरी चाचपत असावी तशी. जिथे बुडखा होता तिथून पुढे गेली, आणखी पुढे गेली आणि थेट कुंपणाच्या भिंतीवर आपटली. मग दोन्ही तळवे भिंतीवर टेकून उभी राहिली. संडास तिच्या डाव्या हाताला होता, चार पावलांवर. तिला तो सापडला नाही. तिने मला हाकही मारली नाही. मी पळत गेले तेव्हा तिचं लुगडं ओलं झालं होतं आणि ती म्हणत होती, जरा चक्कर आली गं, जरा चक्कर आली.

तिला दिसत नाही, दादा. मी डॉक्टरकडे नेलं. काचबिंदू आहे, नस सुकली आहे आणि गेलेली नजर परत येत नाही. कधीपासून, असं डॉक्टरने विचारलं तर ही म्हणते, आत्ता आत्ता. आत्ता आत्ता कसलं! तू मागे आलास तेव्हा गालावरून हात फिरवून म्हणाली होती, किती वाळलास. आपल्याला माया वाटली. ती तुला बघत होती रे, हाताने. बुडख्यापाशी पोचलं की तिला सगळं अंगण कळायचं. बाबांच्या कुऱ्हाडीची एका बाजूला खाच होती ना, ती संडासाकडे. फुगलेलं मूळ पायाला लागलं की तिथून कपड्यांची दोरी. आणि हे तिने मला सांगायचं तरी कसं? सांगितलं असतं तर दिसत नाही हे कळलं असतं आणि तू तिला घेऊन गेला असतास. तिला इथे राहायचं होतं म्हणून ती बुडखा वाचवत होती, आणि तिने इथे राहावं म्हणून मी तो काढत होते. मायलेकी एका घरात राहतो, एका ताटात जेवतो म्हटलं तरी चालेल, आणि ही आमची अवस्था.

मी काही करायचं बाकी ठेवलं नाही. त्या जागी वाळू भरलेलं पिंप ठेवलं. तिने त्यावरून हात फिरवला, चहूबाजूंनी फिरली आणि म्हणाली, हे सगळीकडून सारखंच आहे, मला कुठे जायचं ते सांगत नाही. दारापासून संडासापर्यंत दोरी बांधली, तर म्हणाली, दावणीची गाय आहे का मी, गल्ली बघेल. बागेतल्या माणसाकडे दुसरा बुडखा मागायला गेले, तो माझ्याकडे बघतच राहिला. मग वेडीसारखी मीच रडले. आता ती अंगणात पाऊल टाकत नाही. मी हाताला धरून नेते तेवढंच. पाणी कमी पिते, मला सारखं उठवावं लागू नये म्हणून. मी गणवेश घेऊन शाळेत गेले की घोटभरही पीत नाही. खुर्चीत बसल्या बसल्या तिचे पाय सुजले आहेत. बटणं मात्र लावते. आता मी दोरा काढून देते आणि रंगाबद्दल आम्ही दोघी काही बोलत नाही.

काल तीच म्हणाली, दादाला कळव, मी येते म्हणावं त्याच्याकडे. मी नको म्हणावं म्हणून जरा थांबलीसुद्धा. मला नको म्हणता आलं नाही, दादा. म्हणून हे पत्र. तू ये आणि तिला घेऊन जा. तिने मला शपथ घातली आहे की तुला गुडघ्यांचं सांगायचं, डोळ्यांचं नाही. तेव्हा आलास की गुडघ्यांचीच चौकशी कर. गालावरून हात फिरवेल, फिरवू दे, आणि वाळलास म्हणाली तर हो म्हण. वहिनीला सांग, आईच्या खोलीतलं सामान एकदा लावलं की तसूभरही हलवायचं नाही. आणि दारापासून न्हाणीघरापर्यंतच्या वाटेत एखादा बोजड, वेडावाकडा, तुमच्या पायात येणारा नग असेलच, कपाट म्हण, पेटी म्हण. तो कितीही नकोसा झाला तरी काढू नकोस.

तुझीच,
खार
(आता चढायला झाड नाही, पण तू म्हणतोस म्हणून)