रिबिनी मोजल्याशिवाय नाही

तीर्थस्वरूप मामा,

भाच्याचा साष्टांग नमस्कार (कंबर धरलीय, त्यामुळे आठांपैकी पाचच अंगं पोचतील, उरलेली मागाहून). तुमचे गुडघे काय म्हणतात? कानातलं यंत्र लावता, की मामी बोलायला लागली की अजून काढून ठेवता? खरं तर फोनच करणार होतो. पण तुम्हाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोललो तर शेजारच्या खोलीतही ऐकू जातं, आणि तिथे तुमची भाचेसून बॅगा भरतेय. पुढच्या गुरुवारी आम्ही लेकीकडे निघतोय. महिनाअखेरीस तिला बाळ होणार. तिकिटं विमानाची काढलीत, कारण गाडीने तीन दिवस लागतात आणि बाळं काही वेळापत्रक बघून येत नाहीत, असं भाचेसुनेचं म्हणणं. मी म्हटलं, मला काय, विमान म्हणजे आपल्या हातचा मळ!

आता हे काही मी फुशारकीने म्हटलं नाही. आपल्या उभ्या खानदानात विमानातलं कळणारी माणसं दोनच. एक तुम्ही, हवाई दलात तीस वर्षं विमानांच्या पोटात हात घातलेले. दुसरा मी, तुमच्या गोष्टी ऐकून चष्म्याच्या दुकानात छताला बावीस विमानं टांगलेला (गिऱ्हाईक नंबर काढायला येतं आणि जाताना पंखांची लांबी पाठ करून जातं). भाचेसून मात्र बिचारी कधी विमानात बसलेली नाही. तिची भीड चेपावी म्हणून रविवारी तिला लष्करी विमानांच्या संग्रहालयात घेऊन गेलो. तिची, मामा. माझी नव्हे.

तिथला माहिती सांगणारा माणूस सज्जन होता, पण तिसऱ्याच विमानापाशी त्याने माझ्यापुढे हात टेकले. इंजिनाची ताकद त्याने चुकीची सांगितली, मी सुधारली. टाकीत तेल किती मावतं ते त्याने सांगितलंच नव्हतं, तेही मी सांगितलं. शेवटी त्याने दाखवायची काठी माझ्या हातात दिली आणि तो चहाला गेला. माझ्यामागे अकरा माणसं फिरत होती! (त्यातल्या एका बाईंना फक्त बाहेरचा रस्ता हवा होता, असं नंतर कळलं.) भाचेसून पाण्याची बाटली घेऊन सगळ्यांच्या मागे. लोक उंटावरून शेळ्या हाकतात, हे जमिनीवरून विमानं हाकतात, असं ती त्या बाईंना सांगत होती म्हणे. मी ऐकलं नाही.

आणि मग शेडच्या टोकाला ते दिसलं. तुमचं विमान! म्हणजे तेच नव्हे, पण त्याच जातीचं, दोन आसनांचं. इंजिन काढून घेतलेलं, चाकं सिमेंटच्या ठोकळ्यांवर, पण लाल रिबिनी अजून लोंबत होत्या. चाकांच्या खिळींना दोन, पंखाखाली एक, नाकावरच्या नळीला एक. मी अकराही जणांना तुमची रीत सांगितली: उडण्याआधी मामा एकेक खीळ काढायचे (एक जरी राहिली तरी उडताना घात), रिबिनींचा जुडगा हातात घ्यायचे आणि वैमानिकासमोर उभे राहून हात वर करायचे. तो आतून मोजायचा, मान हलवायचा, आणि मगच चाक हलायचं. सांगताना माझा आवाज जरा बसला. तो धुळीने.

तेवढ्यात चहा पिऊन परतलेल्या त्या सज्जनाने विचारलं, आत बसता का? अकरा माणसांसमोर नाही कसं म्हणणार? मी पुढे, भाचेसून मागे. नुसतं बसून काय मजा, म्हणून वरची काच लावा असं मीच त्याला फर्मावलं. काच लागली, बाहेरचे आवाज बंद झाले, माझं लक्ष समोर नाकावर गेलं, आणि तिथे रिबीन तशीच! मामा, मी ओरडलो. रिबिनी राहिल्या, थांबवा, रिबिनी राहिल्या! इंजिन नसलेलं, सिमेंटवर बसवलेलं विमान मी थांबवत होतो. बाहेरच्यांना वाटलं प्रात्यक्षिक चाललंय, त्यांनी टाळ्या वाजवल्या. मागून भाचेसुनेने माझा खांदा धरला. आत फार उकडत होतं, असं मी उतरल्यावर सगळ्यांना समजावून सांगितलं.

बाकी सर्व क्षेम. मामींना नमस्कार.

आपला,
चष्मेवाला भाचा

ता. क. मामा, मी आजवर विमानात बसलेलो नाही. कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. मागे दोनदा योग आला, दोनदा माझं पोट दुखलं. या खेपेला पोट दुखून चालणार नाही, लेक वाट बघतेय. मला भीती वाटते, झालं. तुमच्या घरासमोरची बस थेट विमानतळावर जाते, मी चौकशी केलीय. गुरुवारी सकाळी याल का? आत सोडणार नाहीत, पण काचेपलीकडे उभे राहा आणि रिबिनी धरून हात वर करा. त्या कुठल्याही विमानाच्या नसल्या तरी चालतील. मी मोजीन आणि बसेन. भाचेसुनेला यातलं काही कळू देऊ नका.

ता. क. दुसरा, हस्ताक्षर माझं, म्हणजे भाचेसुनेचं. नमस्कार मामा. पाकीट चिकटवायला यांनी नेहमीप्रमाणे माझ्याकडेच दिलं. तुम्ही याच. त्या दिवशी मी खांदा धरला तो धीर द्यायला, असं यांना वाटतंय, तर वाटू द्या. फक्त रिबिनी चांगल्या रुंद आणा. चष्मेवाल्याची बायको असून मला लांबचं धड दिसत नाही, आणि मलाही मोजायच्या आहेत.