जांभळाची वाईन आणि पाचवं शील

४ फेब्रु., बुध.
प्रज्ञाचा फोन. रविवारी राजूरजवळ, ती नोकरी करते त्या वाईनरीच्या शेतावर महोत्सव आहे. गावरान जेवणाचे स्टॉल, गाणी, आणि तिनं स्वतः केलेली जांभळाची वाईन पहिल्यांदा लोकांपुढं येणार. "आई, तू तरी ये." तू तरी! म्हणजे बाप येणार नाही हे धरूनच चाललीय पोरगी.
दिवाळीपासून दोघांचं बोलणं बंद. फूड टेक्नॉलॉजी शिकवली ती बिस्किटाच्या कारखान्यात लागेल म्हणून, आणि ही लागली दारू करायला, असं ह्यांचं म्हणणं. मी म्हणते, अहो, वाईन. तर म्हणतात, नाव बदलून वास बदलतो का.
ह्यांना तरी काय दोष देऊ. खर्ड्याचे थोरले भाऊजी, ह्यांचे सख्खे भाऊ, दारूनंच गेले. तेव्हापासून पंचशीलातलं पाचवं शील, मद्याला न शिवण्याचं, असं घट्ट धरलंय की खोकल्याचं औषधसुद्धा बाटली वाचून घेतात.

६ फेब्रु., शुक्र.
जेवताना सांगून टाकलं, मी एस.टी.नं जाते. नगर-संगमनेर, मग अकोले, मग राजूर. ह्यांनी उभा जन्म एस.टी. चालवली, त्यामुळं घास तोंडातच राहिला.
"रविवारी फुडची गाडी मिळायची न्हाई."
मी भाकरी मोडत राहिले.
"मी सोडतो. पन मी निस्ता ड्रायव्हर. आत येनार न्हाई."
बरं म्हटलं. ड्रायव्हर तर ड्रायव्हर.

७ फेब्रु., शनि.
प्र.साठी शेंगोळे केले. कुळीथ यंदा चांगला निघालाय.
ह्यांनी गाडी दोनदा धुतली. नवा शर्ट इस्त्रीला. ड्रायव्हरला कशाला हवा नवा शर्ट? विचारलं नाही. विचारलं असतं तर जुना घातला असता.

८ फेब्रु., रवि.
पाय दुखतायत, तरी लिहिते.
सकाळी गारठा. राहुरीपर्यंत एक शब्द नाही. लोणीला उसाच्या ट्रॉल्यांमागं अडकलो तेव्हा तोंड उघडलं, ते त्या ट्रॅक्टरवाल्याला शिव्या द्यायला. अकोल्याच्या पुढं मात्र गडी खुलला. आंब्याला मोहर, एका अंगाला प्रवरा, समोर डोंगर. "ह्या वळनावर मी कंदी हॉर्न इसरलो न्हाई." "हितं चहा लई भारी मिळायचा." इतकी वर्षं संसार केला, पण ह्यांच्या शेजारी बसून रस्ता असा कधी बघितलाच नव्हता. मला फार बरं वाटलं.
शेतावर गर्दी. पुण्या-नाशकाच्या गाड्या. हे गाडी झाडाखाली लावून आतच बसले, काच खाली करून. तिथून प्र.चं टेबल दिसत होतं. जागा काय उगाच निवडली नव्हती.
प्र. लोकांना समजावून सांगत होती. निळा कुर्ता, केस बांधलेले. नवी बाटली उघडली की आधी स्वतः थोडी तोंडात घ्यायची, घोळवायची आणि बाजूच्या स्टीलच्या बादलीत थुंकायची. मी शेंगोळ्यांचा डबा घेऊन बाजूला उभी. मला तिनं मागंच सांगितलं होतं, ते कामच तसं असतं. ह्यांना कोण सांगणार? बोलणंच नाही.
तिसऱ्यांदा थुंकली आणि बघते तर हे गर्दी सारत येतायत, हातात पाण्याची बाटली.
"पिंके, काय झालं गं? उलट्या हुत्यात का?" आणि माझ्याकडं वळून, "आनि तू काय बघत हुबी राहिलीस?"
दिवाळीनंतरचं पहिलं बोलणं हे, तेही घरातल्या लाडक्या नावानं. सगळे बघायला लागले. प्र.चं तोंड एवढंसं झालं.
"पप्पा, चव बघायची आणि थुंकायचं. कामच आहे ते."
"समदं थुंकती?"
"समदं."
ह्यांनी वाकून बादलीत बघितलं. खरंच बघितलं. एक बाई हसली, तर मी अशी नजर टाकली की पुढच्या स्टॉलला गेली.
"तरी पानी पी घोटभर," हे म्हणाले. ती प्यायली. मी डोंगराकडं तोंड केलं, कारण मला रडू यायला लागलं होतं.
मग तिघं एका बाकड्यावर जेवलो. नागलीची भाकरी, खुरासणीची चटणी, काळभाताचा वाफाळता भात. तिनं शेंगोळे खाल्ले. ह्यांनी जांभळं कुठल्या झाडांची, कोण वेचतं, सगळं विचारून घेतलं. वाईनच्या पेल्याकडं मात्र बघितलं नाही.

९ फेब्रु., सोम.
काल एक गोष्ट लिहिली नाही. निघताना हे गाडी वळवत होते, तेव्हा प्र.नं मला मिठी मारली आणि कानात म्हणाली, "आई, सगळं नाही गं थुंकत. जांभळाची पहिली बाटली जमली ना, त्या दिवशी पेलाभर प्यायले. इतकी छान झाली होती."
मी म्हटलं, कार्टे, हे मला कशाला सांगितलंस?
ह्यांना सांगू? परतताना अख्खा रस्ता गुणगुणत होते. सांगायचा धीर होत नाही, आणि लपवायचंही जिवावर येतं.

१५ फेब्रु., रवि.
विहारात वंदना झाल्यावर ह्यांनी चारचौघांत सांगितलं, "आमची पोरगी तोंडात घेती, पोटात न्हाई. लई जोखमीचं काम हाय." मी चपला शोधत बसले.
घरी चहा गाळत होते तर मागून, "तुला काय वाटतं, समदं थुंकत आसंल ती?"
मी गाळणं झटकत राहिले.
"नको सांगू," हेच म्हणाले. "तिला इचारलं तर ती खोटं बोलायची न्हाई. म्हनून तर इचारत न्हाई."
मग म्हणाले, "फोन लाव तिला. जेवली का बघू."
लावून दिला. स्पीकर बंद करून घेऊन गेले अंगणात. काय बोलले ते ऐकू आलं नाही. चहा पार निवला, तरी बोलतच होते.