पाण्याची मोकळीक

प्रिय चिमणे,

तू फोनवर विचारलंस आणि मी नुसतं ‘बघू’ म्हणाले. उत्तर अपुरं होतं, म्हणून लिहायला बसले. घर ठीक आहे. बाबा गेल्यापासून चमचा वाजत नाही, एवढंच. साखर विरघळून गेली तरी ते कप ढवळत राहायचे आणि तू दादाकडे बघून डोळे फिरवायचीस. प्रयोगशाळेत मी अजून जाते. निवृत्त बाईला कुणी हाकलत नाही, हाच सत्कार समजायचा.

तिथे मी काय करते, हे तू लहानपणी एकदा विचारलं होतंस. मी फार लांबण लावली आणि तू शहाण्यासारखी जांभई गिळलीस. थोडक्यात असं, की ज्यांचं पाण्याशी जमत नाही असे मिथेनसारखे वायू पाण्यात किती विरघळतात, ते मी मोजते. आधी पाण्यातली हवा काढायची, मग वायू सोडायचा, हलवायचं आणि थांबायचं. फार थोडा आत जातो. लोकांना वाटतं, पाणी त्याला झिडकारतं. तसं नसतं. तो आत शिरताना थोडी उष्णता बाहेरच पडते. म्हणजे स्वागत असतं. अडतं दुसरीकडे. त्याच्याभोवतीचे पाण्याचे रेणू एकमेकांचे हात सुटू नयेत म्हणून जपून उभे राहतात. हवं तसं वळायची त्यांची मोकळीक जाते. ती किंमत पाण्याला जड पडते.

बाबांशी लग्न करून मी तुमच्या घरात आले तेव्हा तू चौथीत होतीस. आई म्हणवेना, तेव्हा तूच मावशी म्हणायचं ठरवलंस. मला कुणी वाईट वागवलं नाही. मी स्वयंपाकघरात आले की दादा स्टुलावरचे पाय खाली घ्यायचा. तू आईबद्दल काही बोलत असलीस तर मध्येच थांबायचीस आणि मला पाणी हवं का विचारायचीस. कामावरून परतताना जिन्यात तुमचं खिदळणं ऐकू आलं, तर मी चौकापर्यंत आणखी एक फेरी मारून यायचे.

बाबांना हे दिसत होतं. पण औषधाच्या कारखान्यात जन्मभर खोकल्याच्या औषधाचा पाक केलेला माणूस तो. विरघळत नाही? आच वाढवा. घरातही त्यांनी तेच केलं. सहली काढल्या, फोटोत तुला माझ्या मांडीवर बसवलं. त्या फोटोत आपण दोघी दात उपटून घ्यायला आल्यासारख्या दिसतो. मी त्यांना म्हटलं होतं, साखरेचं वेगळं, वायूचं वेगळं. पाणी कोमट केलं की वायू उलट बाहेर पडतो. तुझ्या नळीत पडत असेल, म्हणाले, आणि पुढच्या सहलीची तिकिटं काढून आले.

जमलं ते तू शिकायला लांब गेल्यावर. गार पाण्यात वायू जास्त मावतो. नापास झालीस तेव्हा तू आधी मला कळवलंस, बाबांना नाही. वाईट बातमी होती, आणि मी दिवसभर आनंदात चुकीचे आकडे लिहीत होते.

आज तू म्हणालीस, “मावशी, एकट्या नका राहू. आता कायमच्या इकडेच या.” मनापासून म्हणालीस, तेवढं मला कळतं. फोनवर तुझ्यामागे पोरं भांडत होती, जावई बेसूर गात होते, कुणीतरी भांडं पाडलं. मागच्या खेपेला मी तुझ्याकडे राहिले तेव्हा यातलं काहीही ऐकू आलं नव्हतं. पोरं चवड्यांवर चालत होती. तू हसतानासुद्धा आधी माझ्याकडे बघत होतीस. मी येणार नाही, चिमणे. फोनवर हे सांगताना मला रडू आलं असतं आणि तू मला न्यायला आली असतीस. तू बोलावलंस, हे मला पुरेल असं नाही, पण त्यावर मी भागवेन. फक्त फोन करशील तेव्हा पोरांना गप्प बसवू नकोस.

तुझीच,
मावशी