जळका बटाटा

४ फेब्रुवारी

फुटलं! आमचं सूप, जळक्या बटाट्यासकट, गावभर झालं!

समोरच्या शिवणकामवाल्या बाई रोज दुपारी डबा घेऊन येतात. आज डब्याशिवाय आल्या, नुसत्या सांगायला. "काका, काल मी घरीच केलं. अगदी तुमच्यासारखं झालं बरं का!" वा वा म्हटलं, कसं केलंत? तर त्यांनी घडाघडा म्हणूनच दाखवलं. लोण्यावर कांदा मंद परतायचा, रंग येऊ द्यायचा नाही. बटाटे उकडायचे, पण एक बाजूला ठेवायचा. तो सालीसकट थेट जाळावर काळाकुट्ट भाजायचा, साल अर्धीच काढायची आणि तसाच कुस्करून भांड्यात. दूध सगळ्यात शेवटी, गॅस बंद केल्यावर. "फोनवर दाखवतात की!"

अर्धीच काढायची! हे 'अर्धीच' मी बाहेरच्या माणसासमोर जन्मात उच्चारलेलं नाही.

हसलो. वर एक पाव फुकट दिला. तोंडावर हसू ठेवणं हा माझा निम्मा धंदा आहे.

५ फेब्रुवारी

पाहिलं. 'घरच्या घरी सोपं, पोटाला आणि मनाला ऊब देणारं' – चॅनेलचं एवढं लांब नाव! दोन हात, तेही हातमोज्यांत. तोंड नाही, आवाज नाही. वरून संगीत, खाली अक्षरं. सूप आहेच. शिवाय माझा चीज-पाव, झाकणाखाली वितळवायचा तो. माझी दुधातली अंडी. सगळं दुकानच मांडलंय.

सोपं म्हणे! हातगाडीवर होतो तेव्हा सूप पातेल्याला लागायचं. गिऱ्हाईक नाक मुरडायच्या ऐवजी पुन्हा मागायचं. तेव्हा कळलं, लोकांना थोडं लागलेलं आवडतं. मग मुद्दाम, बेतानं जाळायला शिकलो. त्या शिकण्यात उमेदीची वर्षं गेली, आणि ही मंडळी म्हणतात सोपं!

आणि वेळ तरी बघा. दुकान विकायचं चाललंय. बोलणी शेवटाला आलीत. खरेदीदाराला मी छाती ठोकून सांगितलं होतं – जागेबरोबर माझ्या कृती मिळतील, त्या जगात दुसऱ्या कुणाकडे नाहीत. त्यानं हे पाहिलं की सौदा गेला. आणि सौदा गेला की मी पुन्हा शेगडीपुढे उभा. गुडघे तर आधीच गेलेत.

घरात, दुकानात कुणाला विक्रीचं बोललेलो नाही. सही झाली की सांगीन. आधी सांगितलं तर रडारड होणार.

७ फेब्रुवारी

अर्ध्या सालीचं ठाऊक असलेली माणसं तीन. आचारी – हातगाडीपासून सोबत. मेहुणा – गल्ल्यावर बसतो, ह्याला मी उभा केला. आणि ही.

आचाऱ्याचा संशय येतो. परवा मी आत गेलो तर बोलता बोलता गप्प झाला. मेहुण्याचाही येतो, नवा फोन घेतलाय. हिचा नाही. हिनं फोटो काढला की त्यात हिचा अंगठाच येतो.

८ फेब्रुवारी

सुचलं! तिघांना तीन थापा. ज्याची थाप फोनवर येईल तो चोर.

आचाऱ्याला बाजूला घेतलं. "एक गोष्ट तुला कधी बोललो नाही. शेवटी मी किसलेलं सफरचंद घालतो, चिमूटभर."

"शेठ, माझ्या डोळ्यांदेखत?"

"तुझी पाठ असते तेव्हा."

विचारात पडला बिचारा.

मेहुण्याला सांगितलं, चमचाभर काळी कॉफी. "तरीच, भावजी!" म्हणाला. काय तरीच? गाढव!

हिला सांगितलं, ढवळताना चमचा डावीकडेच फिरवायचा, नाहीतर बटाटा चिकट होतो. "अहो, असं कुठं असतं?" असतं, म्हटलं. खरं तर हिला सांगायची गरज नव्हती. पण चाळायचं तर सगळंच चाळावं.

११ फेब्रुवारी

काही नाही.

१२ फेब्रुवारी

काही नाही. आचाऱ्यानं आज सफरचंद आणलं आणि मला दिसेल असं कट्ट्यावर ठेवलं. भोळा आहे की बनेल?

१५ फेब्रुवारी

आलं! 'खास आग्रहास्तव – सूपाची सुधारलेली कृती.'

किसलेलं सफरचंद. आचारी! मी खुर्चीतून उठलोच होतो. पुढे काळी कॉफी, चमचाभर. पुन्हा बसलो. मग चमचा डावीकडे वळला. फिरत राहिला, डावीकडेच, डावीकडेच –

तिघंही!

आवाज वाढवला. संगीताच्या मागे कुणीतरी हसू दाबतंय, नाकातून निसटलेलं. ते हसू मी मुलगी बघायला गेलो तेव्हा आतल्या खोलीतून ऐकलं होतं. तोंड बघायच्या आधीच होकार देऊन बसलो होतो.

एकानं केसानं गळा कापला असता तर मान वळवून बघितलं असतं, कोण तो. तिघांनी मिळून कापला. वळू कुणाकडे?

१६ फेब्रुवारी

सूप करपलं. नको तसं.

१७ फेब्रुवारी

दुपारची गर्दी ओसरल्यावर शटर अर्धं ओढलं. हिलाही घरून बोलावून घेतलं. बसा म्हटलं. कुणी बसेना.

"डोकं कुणाचं हे?"

"माझं," ही म्हणाली. डोळ्याला डोळा भिडवून! "हात आचाऱ्यांचे, फोन माझ्या भावाचा."

"आणि लाज?"

"ती तुम्ही विकायला काढलीत ना, दुकानाबरोबर."

कळलं होतं तर! मेहुणा गल्ल्याच्या आड उभा राहून म्हणाला, "भावजी, तो माणूस टेप घेऊन फरशी मोजत होता. तुम्ही म्हणालात, पंखेवाला आहे. पंखेवाला फरशी मोजतो होय?"

आचारी खाली बघत होता. "शेठ, मला विचारलं असतंत तर मीच म्हणालो असतो, विका. विचारलं नाहीत."

"म्हणून माझा जन्म असा फोनवर उधळायचा?"

"गुपितच उरलं नाही तर दुकान घेईल कोण?" ही म्हणाली. "आणि तुमचं ते सफरचंद-कॉफी त्याच दुपारी कळलं आम्हाला. आपल्यालाच मोठं गुपित सांगितलं म्हणून तिघं एकमेकांना सांगायला धावलो!" आणि पुन्हा तेच हसू. मेहुण्यालाही फुटलं. आचाऱ्यानं तोंडावर फडकं धरलं.

मला हसू आलं नाही. दुकान माझं, मी उभं केलं, मी विकीन. परक्यानं चोरलं असतं तर शिव्या तरी मोकळ्या मनानं दिल्या असत्या.

१९ फेब्रुवारी

जेवायला वेगळा बसतो. ही ताट ठेवून जाते. वर गुणगुणते! जिंकली ना.

शिवणकामवाल्या बाई डबा घेऊन हजर. "काका, कॉफी घातली तेव्हापासून ह्यांनी माझ्या सूपाला हात लावला नाही. द्या बाई तुमचंच." आतून तिघांची खसखस ऐकू आली. आचाऱ्याला ओरडलो, मीठ कमी आहे म्हणून. नव्हतं.

खरेदीदाराला आपणच सांगून टाकावं. बाहेरून कळलं तर मी लबाड ठरेन. उद्या फोन करतो.

२० फेब्रुवारी

केला नाही.

२१ फेब्रुवारी

केला. म्हणाला, "ते व्हिडिओ? मागेच पाहिले की. छान आहेत. पण त्याचं काय, काका? आम्हाला कोपऱ्यावरची जागा हवी. सूप ठेवणारच नाही. अगदी कुणी मागितलंच तर पाकिटातलं देऊ."

पाकिटातलं!

जागा विकायची नाही, म्हटलं, आणि फोन ठेवला.

हिला एवढंच सांगितलं – सौदा मोडला. "आमच्यामुळे ना?" म्हणाली, पदर तोंडाशी धरून.

हो, म्हटलं.