तुमच्या नावाची घटपर्णी

आत्याबाई, तुमच्या नावाचं एक झाड आपल्या न्हाणीच्या खिडकीत टांगलंय. ते माशा खातं. रागावू नका, आधी पुढचं ऐकून घ्या, मग काय शिव्या द्यायच्या त्या द्या. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुम्ही लावलेल्या लिंबाच्या सावलीत आता ट्रॅक्टर उभा राहतो. मला अक्षर येत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे, आणि तुम्हालाही येत नव्हतं. म्हणजे एका अडाणीनं सांगायचं आणि दुसऱ्या अडाणीनं न वाचायचं, असं हे पत्र. मधल्या मधे हात दुखतोय तो माझ्या नातसुनेचा, तुमच्या पणतसुनेचा. मी 'न्हाई' म्हटलं की ती 'नाही' लिहिते, म्हणून ह्या पत्रात मी जरा शिकल्यासवरल्यासारखी वाटेन. पण तुमचं बोलणं, आणि मी हिच्याशी बोलले तेही, तसंच्या तसं लिही, असं तिला बजावलंय. ते धुऊन पुसून लिहिलं तर आपण दोघी ओळखूच येणार नाही.

पोरगी तळकोकणातली. लग्नात तिच्याबरोबर कपाट आलं, भांडी आली, ते सगळं टेम्पोत. एक कुंडी मात्र तिनं टेम्पोत ठेवू दिली नाही, थेट आपल्या ह्या दुष्काळी कर्जतपर्यंत मांडीवर घेऊन आली. आपल्या बायका सूनमुख-उखाण्याचं सोडून त्या कुंडीकडंच बघायला लागल्या. पानाच्या शेंड्यातून एक दोरी निघते, दोरीच्या टोकाला चंबू, चंबूला जाड लाल ओठ, ओठावर मध, आणि वर एक झाकण. आत थोडं पाणी. मी विचारलं, "पोरी, ह्याचं फळ कवा येतं?" ती म्हणाली, "आजी, ह्याचे चंबूच बघायचे." मी म्हटलं, "आन खायचं काय?" तर म्हणते, "आपण नाही खायचं. तेच खातं." मग तिनं समजावलं. मधाच्या वासानं मुंगी येते, ओठावरून पाय घसरतो, आत पडते, भिंत अशी निसरडी की वर येता येत नाही. वरून गोड आणि आत गेलं की सुटका नाही. आत्याबाई, खोटं कशाला बोलू, मला त्या क्षणी तुमचीच आठवण झाली. तुम्ही लेकासाठी सोयरीक बघायला आमच्या डोंगरात आला होता तेव्हा केवढं गोड बोलला होता!

पोरगी शेतकी खात्यात नोकरीला, नातू रानात, तेव्हा दिवसभर कुंडीची राखण माझ्याकडं. आता तुम्हीच सांगा, मला काय शिकवलं होतं तुम्ही? माझी ह्या घरातली पहिली सकाळ मला अजून दिसते. मी भंडारदऱ्याकडची, जिथं पाणी म्हणजे अंगणातून वाहून जाणारी गोष्ट. मी रात्रीच्या हंड्यातलं पाणी तांब्यात घेतलं आणि तुमच्या पुढं केलं. तुम्ही तांब्याकडं बघता, मग माझ्याकडं. तांब्या उचलता, गोठ्यात जाता आणि म्हशीपुढं ओतता. परत येऊन रिकामा तांब्या माझ्या हातात देता आणि म्हणता, "शिळं पानी म्हशीला, ताजं मान्साला. राकंनं घास, आडावर जा, मग हाक मार." त्यानंतर मी आयुष्यात कधी शिळं पाणी भांड्यात राहू दिलं नाही. मग ह्या चंबूत काय राहू देणार? सकाळी उठले की एकेक चंबू अलगद वाकवायचा, आतलं मेलेल्या चिलटांचं पाणी मोरीत ओतायचं, बोटानं आतून फिरवून धुवायचं आणि बोअरचं ताजं पाणी तोंडापर्यंत भरायचं. राख तेवढी लावली नाही, गॅसवर राख कुठं मिळते! मनात म्हणायची, बघा आत्याबाई, तुमची सून अजून कामाला चोख आहे.

चंबू वरून काळे पडायला लागले. मग वाळले. पानांच्या कडा करपल्या. पोरगी संध्याकाळी यायची, पर्स बाजूला टाकून आधी कुंडीशी उभी राहायची. मी म्हटलं, शेणखत घालू का मूठभर, तर किंचाळलीच. ह्या झाडाला म्हणे मुळाशी खत घातलं की मरतं, उपाशी ठेवलं की वाढतं. तुमच्या लेकाच्या अगदी उलट. मग एक दिवस ती कुंडीशीच पुटपुटल्यासारखी म्हणाली, "नाही जगायचं हे इथं." मी पलीकडं लसूण सोलत होते. आत्याबाई, ते काही ती झाडाचं बोलत नव्हती. आपल्या ह्या रखरखीत मुलखात आल्यापासून पोरीचे ओठ फुटले होते, मासळी नव्हती, बोलायला तिच्या बोलीतलं माणूस नव्हतं. नातू चांगला आहे, पण त्याला कांद्याच्या भावापलीकडं बोलता येत नाही. झाड गेलं तर पोरगी काही लगेच बॅग भरणार नव्हती, तेवढं मलाही कळतं. पण माणूस घरात राहून निघून गेलेलं मी पाहिलंय. ते मला ह्या पोरीचं बघायचं नव्हतं.

रविवारी तिनं एक वाळका चंबू कापला आणि मला दाखवायला उन्हात उलगडून धरला. तळाला मुंग्यांची टरफलं होती. म्हणाली, "हे पोट आहे आजी. झाकण उघडायच्या आधीपासून आत त्याचा स्वतःचा रस असतो. त्यातच जेवण पचतं. ते झाकण पण मिटत नाही, पाऊस आत जाऊन रस पातळ होऊ नये म्हणून छत्री धरलेली असते." मी तिच्याकडं बघितलं, चंबूकडं बघितलं. म्हटलं, "मंजी रोज कुनी त्यो रस वतून दिला तर?" "कोण ओतून देणार?" ती म्हणाली. मी म्हटलं, "एक म्हातारी हाय." पोरगी आ करून बघत राहिली. "आजी, तुम्ही रोज त्याचं पोट धूत होता?" म्हटलं, "लई स्वच्छ धूत हुते गं!" आणि ती जी हसायला लागली, ती भिंतीला पाठ टेकून खाली बसली, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. लग्नानंतर ती ह्या घरात तशी पहिल्यांदा हसली. हसता हसता शेवटी ते हसणं राहिलं नाही, मग मी तिच्या शेजारी टेकले आणि आम्ही दोघी तो फाटका चंबू मांडीत घेऊन बसलो.

पण पोट धुणं थांबवून भागणार नव्हतं. कुंडीतल्या नारळाच्या भुशावर पांढरा खार धरला होता. पोरगी म्हणाली, बोअरच्या क्षारानं मुळं जळतात, ह्याला पावसाचं पाणी लागतं, आणि इथं पाऊस येणार किती! मी म्हटलं, येईल तेवढा धरायचा. मग मला तुमचा डाळीचा रांजण आठवला. आडाच्या खाऱ्या पाण्यात तुरीची डाळ काही केल्या शिजायची नाही, म्हणून सर यायला लागली की तुम्ही अंगणात जुनेर लुगडं चार खुंट्यांना बांधायच्या, मधे धुतलेला दगड टाकायच्या आणि खाली रांजण सरकवायच्या. पाणी दगडापाशी जमून धारेनं खाली पडायचं, गाळून, स्वच्छ. एकदा मी त्यातल्या पाण्यानं पाय धुतले तर पळीचा दांडा बसला होता मनगटावर. "त्ये डाळीचं पानी हाय! पाय धुवाया तुझ्या बापाचं धरन आनलंस का?" मी तेव्हा रडले होते. आता गच्चीवर माझीच एक जुनी नऊवारी बांधली, दगड टाकला, खाली निळं पिंप ठेवलं. पोरगी मोबाईलवर फोटो काढत होती. म्हणाली, "आजी, हे कुणी शिकवलं?" मी म्हटलं, जिनं मारलं तिनं.

आता ठेवायचं कुठं? बाहेर उन्हाच्या झळा, घरात पंखा, आणि ह्याला तर ओलसर हवा पाहिजे, उजेडही पाहिजे. मी घरभर फिरले आणि न्हाणीच्या दारात उभी राहिले. पूर्वेची खिडकी, आंघोळीची वाफ. इथंच, म्हटलं. आणि म्हणता म्हणता मला ते अळू दिसलं. तुम्हाला आठवतं का, मी माहेराहून लुगड्याच्या घडीत अळूचा कंद आणला होता? तुम्ही आख्ख्या गल्लीला बोलावून दाखवला होता. "हितं कुसळं उगवंनात, आन ही बया अळू घिऊन आली!" पण तो कंद फेकला नाही. न्हाणीच्या धोंड्याच्या पाठीमागं, सांडपाणी जायचं तिथं खोचला. अळू फुटलं. मग दुष्काळ आला. आड आटला, टँकरवर घागरी लावायला लागायच्या, आंघोळ म्हणजे अंग पुसणं. आणि त्या दिवसांत तुम्ही तो धोंडा हलवलात. एवढा जड धोंडा, पहार लावून, अळूच्या अगदी अंगाशी आणलात. मी विचारलं, का हो आत्याबाई? तुम्ही म्हणालात, "ह्या कोपऱ्यात वारं लागत न्हाई मला." मी म्हटलं, म्हातारीचं एकेक. तांब्याभर पाण्यात तुम्ही धोंड्यावर बसून आंघोळ करायच्या आणि ते पाणी थेंब न् थेंब अळूच्या मुळाशी जायचं. गावात हिरवं म्हणून काही उरलं नव्हतं तेव्हा आपल्या न्हाणीमागं हत्तीच्या कानाएवढी पानं होती. मला वाटायचं, माझ्या माहेरच्या कंदाचा गुण! सासूचा गुण आहे हे कळायला मला ह्या झाडासाठी न्हाणीच्या दारात उभं राहावं लागलं. तोवर तुमच्या धोंड्यावर सिमेंट होऊन फरशी बसली होती.

झाडानं जीव धरला. नवा चंबू आला, आधी शेंगदाण्याएवढा, मग फुगत फुगत गेला. पण त्याची जात कुठली हे पोरीलाही ठाऊक नव्हतं, तिला ते कॉलेजातल्या मैत्रिणीनं दिलेलं. मोबाईलवर देशोदेशीच्या चंबूवाल्यांची मंडळी आहे, त्यांना तिनं विचारलं. ते म्हणे ओठ जवळून दाखवा, ओठावरच्या रेघा दाखवा, चंबूच्या पोटावरून उतरणाऱ्या दोन झालरींवर केस आहेत का ते दाखवा, दोरी पानाच्या टोकातून निघते का खालून ते दाखवा. मुलगी बघायला आल्यासारखे प्रश्न! मी चंबू हातात धरायची, ती फोटो काढायची. शेवटी ते म्हणाले, नुसत्या खालच्या चंबूवरून नाव सांगता येत नाही, वेल चढू द्या. वेल चढायला वर्ष उलटलं. आणि मग वरती भलतंच काहीतरी आलं. लांब, बारीक, तुतारीसारखं, झालर नाही, लाली नाही, तोंड वेलीकडं असायचं ते बाहेर फिरलेलं, दोरीनं खिडकीच्या गजाला विळखा घातलेला. मी म्हटलं, "ही दुसरी वेल घुसली गं, तन हाय, उपट!" जन्मभर खुरपणी केलेली मी, तण मला कळायचं नाही? पोरगी म्हणाली, "नाही आजी, एकच आहे." मी पैज लावली, हरेल तिनं दुसरीच्या पायाला तेल चोळायचं. तिनं माझं बोट धरून खालपासून वरपर्यंत वेलीवरून फिरवलं. कुठंही फाटा नव्हता. एकच वेल. जमिनीजवळ ठेंगणे, जाडजूड, झालरीचे चंबू, आणि वर गेली की ह्या हलक्या सुरया. पैज हरले आणि तिच्या पायाला तेल चोळायला बसले. ती लाजून लाजून मेली.

मंडळींनी मग सांगितलं की दोन जातींचा संकर आहे. नाव लांबलचक आहे, माझ्या जिभेवर ते बसत नाही. म्हणून मी वेलीला आत्याबाई म्हणते. आधी म्हणायची ती ओठांवरच्या मधावरून, चेष्टेनं. आता म्हणते ती वेगळ्या कारणानं. एका चंबूवरून वेल ओळखायची नसते, आणि मी तुम्हाला कितीतरी वर्षं पळीच्या दांड्यावरूनच ओळखत होते. धोंडा हलवणारी बाई मला कुणी दुसरीच वाटायची.

पोरीनं काल न्हाणीच्या भिंतीला दुसरा हुक बसवला. वेलीची एक फांदी तोडून शेवाळात लावलीय, तिला मुळं फुटतील म्हणते. नातवाकडून ड्रिल मागून घेतलं आणि स्वतः भोक पाडलं. राहायचं नसलेलं माणूस भिंतीला भोक पाडत नाही.

पत्र संपलं. पाठवायचं तर पत्ता कोण सांगणार, तेव्हा ते लोणच्याच्या बरण्यांमागं ठेवायला सांगणार आहे. एक तेवढं राहिलं. मी हल्ली आंघोळीला फार वेळ लावते. गुडघ्यांना शेक बरा वाटतो, असं घरात सांगितलंय. गुडघे ठीक आहेत, आत्याबाई. दार लावून, गरम पाणी बादलीत ओतत बसते, खिडकीतल्या वेलीपर्यंत वाफ पोचावी म्हणून. हे सांगितल्यावर पोरगी लिहायची थांबली. म्हटलं, लिही, थांबतेस काय. ती म्हणते, "आजी, मला माहीत होतं."

बघा. हिला दोन पावसाळ्यांत कळलं.